जुन्या घरातील औषधांचा साठा कसा निवडावा

मराठवाड्यातील माळवदाचे जुने घर रिकामे करताना देवळीतून किंवा लाकडी पेटीतून औषधांचा साठा बहुधा निघतोच. अर्धवट वाळलेल्या बाटल्या, मलमाच्या गंजलेल्या डब्या आणि फडक्यात बांधलेली काष्ठौषधींची पुरचुंडी असे त्याचे स्वरूप असते. निवड करताना औषधाचे नाव आणि वेष्टनावरील दावे बाजूला ठेवून आत कोणते द्रव्य आहे एवढेच पाहावे. पूर्वी एकच बाटली पडशापासून पटकीपर्यंत सर्व विकारांवर चालते असे बेधडक छापले जाई. अशा जाहिरातींना आळा घालणारा चमत्कारी उपायांविषयीचा कायदा 1954 साली आला.

हा भाग सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे अनेक वेष्टनांवर उर्दू मजकूर आढळतो. तो वाचणारे जाणकार तालुक्याच्या गावी सहज भेटतात, तेव्हा अंदाजाने अर्थ लावू नये. हबशी योद्ध्याचे चित्र असलेली बाटली निघाली तर ती ‘झिंदा तिलिस्मात’ची समजावी. हकीम मोहम्मद मोइझुद्दीन फारूकी यांनी हे औषध 1920 साली हैदराबादेत सुरू केले आणि ते आजही मिळते. त्यात मुख्यतः निलगिरीचे तेल, त्याशिवाय कापूर, पुदिन्याचे सत्त्व आणि ओव्याचे सत्त्व असते, तर रंग रतनजोतीचा असतो. चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे वाटणे किंवा दुखऱ्या भागाला थंडावा मिळणे हा या द्रव्यांचा खरा गुण होय. प्लेग किंवा पटकी हटवणे त्यांच्या आवाक्यातले कधीच नव्हते.

लाहोरचे पंडित ठाकूरदत्त शर्मा यांच्या ‘अमृतधारे’चाही गाभा हाच होता, आणि ती घरी करण्याची रीत अजून अनेकांना ठाऊक आहे. औषधी कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल (म्हणजे त्यांच्या सत्त्वाचे खडे) अत्ताराकडून समभाग तोलून घ्यावे आणि कोरड्या काचेच्या बाटलीत घालून बूच घट्ट लावावे. पाणी घालू नये आणि आचही देऊ नये, कारण हे तीन घन पदार्थ एकत्र येताच त्यांचा वितळबिंदू उतरतो आणि काही वेळात त्यांचे आपोआप पाणी होते. आरतीचा कापूर मात्र यासाठी मुळीच वापरू नये. पूर्वी मळमळीवर या द्रवाचे दोन-तीन थेंब बत्ताशावर देत असत. आज तो कपाळाला किंवा दुखऱ्या सांध्याला थोड्या गोड्या तेलात मिसळून चोळण्यापुरता ठेवणे शहाणपणाचे. लहान मुलांच्या पोटात कापूर गेल्यास झटके येऊ शकतात, म्हणून बाटली त्यांच्या हाती लागेल अशी ठेवू नये आणि बाळाच्या नाकाजवळ हे औषध लावू नये.

बाळांसाठीच्या औषधांची तपासणी सर्वांत कठोरपणे करावी. 1851 साली इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी काढलेल्या ग्राइप वॉटरमध्ये बाळंतशेपेचे तेल, खाण्याचा सोडा आणि साखर यांबरोबर मद्यार्कही असे. बाळ शांत होण्याचे काही श्रेय त्यालाच द्यावे लागेल. शेतावर जाणाऱ्या आया मूल झोपून राहावे म्हणून ज्या बाळगोळ्या देत त्यांत अफू असे. अशी काळपट, कडू वासाची गोळी सापडली तर ती चाखून पाहू नये. बाळगुटीतील मुरुडशेंग, वेखंड, हिरडा, जायफळ, हळकुंड ही काष्ठौषधे सहाणेवर ठरावीक वळसे उगाळून देण्यामागे प्रमाण राखण्याची दृष्टी निश्चित होती. तथापि किडलेले जायफळ आणि अस्वच्छ सहाण यांतून जंतूच पोटात जातात. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही न देण्याचा आजचा वैद्यकीय सल्ला आहे, आणि वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये.

स्वयंपाकघरातील उपायांपैकी पुष्कळसे निर्धास्तपणे चालू ठेवता येतात. पोट फुगल्यास ओवा आणि काळे मीठ चावावे, खोकल्यावर ज्येष्ठमधाचा तुकडा चघळावा, उन्हाळ्यात कैरीचे पन्हे प्यावे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत मात्र सोडून द्यावी. जुलाब होत असताना पाणी तोडण्याची चाल तर घातकच होती. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून ते घोटाघोटाने पाजत राहावे.

विंचवासाठी चिंचोका उगाळून दंशावर चिकटवणे किंवा आघाड्याचे मूळ बांधणे हे उपाय खेड्यांत सर्रास होत. ते अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेण्याचे कारण नाही, कारण त्या काळी दुसरे काही हाताशीच नव्हते. परंतु आज त्यात वेळ घालवणे जिवावर बेतू शकते. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाड येथे लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास करून प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या किंवा हातपाय गार पडले, तर काष्ठौषधींची पुरचुंडी उघडत न बसता रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे.

उरलेल्या साठ्याचा निकाल लावताना ज्या बाटलीवर नाव नाही ती वापरण्याच्या बाजूला ठेवूच नये. जंतांसाठीची सँटोनिनची पुडी, पाऱ्याच्या क्षाराची कॅलोमेलची भुकटी आणि न ओळखता येणारी मलमे एका बंद डब्यात भरून, विल्हेवाटीविषयी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. ती उकिरड्यावर टाकली तर खताबरोबर शेतात जातील आणि ओढ्यात टाकली तर गुरांच्या पाण्यात. नक्षीच्या जुन्या बाटल्या हौसेने जपण्यास हरकत नाही, पण कितीही धुतल्या तरी त्यांत तेल, तूप किंवा मध भरू नये.