निवडणुकीच्या दिवसांत आकडे फॉरवर्ड करताय? या चुका टाळा

आमच्या इंदूरला राजकारण सकाळी पोहे-जलेबीच्या ठेल्यावर सुरू होतं, पण २०२३ ची विधानसभा आणि लगेच २०२४ ची लोकसभा पाठोपाठ आल्या तेव्हा ते थेट आमच्या फॅमिली ग्रुपवर येऊन बसलं. रामबागेतले काका एका बाजूला, माझा मावसभाऊ दुसऱ्या बाजूला, रोज दोघांचे महागाई, बेरोजगारी, जीडीपीचे आकडे. आणि खरं सांगू, आकडे बहुतेक वेळा दोघांचेही बरोबर असायचे पण त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा. मी कॉमर्सच्या मुलांच्या ट्यूशन घेते म्हणून शेवटी भांडण माझ्याकडे यायचं. आकड्यांवरून घरात अबोला धरला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात जास्त होणारी चूक, महागाई कमी झाली म्हणजे भाव उतरले असं समजणं. जुलै २०२३ आठवा, टोमॅटो घ्यायला हात धजत नव्हता, तेव्हा किरकोळ महागाईचा दर साडेसात टक्क्यांच्या आसपास गेला होता. बरोबर वर्षाने जुलै २०२४ मध्ये तो साडेतीनच्या जवळ आला, जवळजवळ पाच वर्षांतला सगळ्यात कमी, काकांनी लगेच ग्रुपवर टाकलं. काकू म्हणाल्या, "अहो मग माझी पिशवी स्वस्त का नाही भरत?" तर त्याचं कारण असं की १०० रुपयांचं सामान आधी एकशे साडेसातच्या जवळ गेलं आणि मग १११ झालं, भाव खाली आलेच नाहीत, चढायची स्पीड तेवढी कमी झाली. त्यात आदल्या वर्षीचा जुलैच इतका महाग होता की त्याच्यापुढे पुढचा जुलै आपोआप बरा दिसणार, याला बेस इफेक्ट म्हणतात.

भावाची चूक उलटी. त्याचं म्हणणं, माझा खर्च एवढा वाढला म्हणजे सरकारी आकडा खोटाच. तसं नसतं रे. सीपीआय म्हणजे किरकोळ महागाई मोजायचा सरकारी निर्देशांक, त्याची वस्तूंची टोपली सगळ्या देशाची मिळून केलेली असते, २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या सीपीआयमध्ये खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ ४६ टक्के आणि शिक्षणाचा साडेचारच्या आसपास होता. आता ज्याची दोन पोरं प्रायव्हेट शाळेत आहेत त्याच्या घरात फीचा वाटा किती असतो ते त्यालाच विचारा! मी एकदा काकूंची किराण्याची डायरी घेऊन बसले, तेल, तूरडाळ, दूध, सेंव, गॅस असं एकेक लिहून मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या पानाशी लावून बघितलं. दिवाळीचा महिना श्रावणाशी लावला असता तर सगळं गणितच बिघडलं असतं. आपल्या घरची महागाई काढायची तर अशी काढा, पण ती देशाची म्हणून सांगू नका.

दुसरी मोठी चूक म्हणजे सुरुवात कुठून धरली ते न बघणं. एप्रिल ते जून २०२०, लॉकडाऊन, जीडीपी, म्हणजे देशातलं एकूण उत्पादन, जवळपास २४ टक्क्यांनी आपटला, हा भावाचा आवडता आकडा. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत वाढ २०.१ टक्के, हा काकांचा. जोडून बघा, १०० चे ७६ झाले, आणि ७६ वर २० टक्के वाढले तर ९१ च्या आसपास येतात, म्हणजे एवढी मोठी वाढ होऊनसुद्धा आपण २०१९ च्या खालीच होतो. कोणी नुसती टक्केवारी टाकली की खड्ड्याच्या आधीचं वर्ष शोधायचं आणि तिथून मोजायचं.

बेरोजगारीवर तर विचारूच नका. पीएलएफएस या सरकारी रोजगार सर्वेक्षणात २०१७-१८ ला ६.१ टक्के होती ती २०२२-२३ ला ३.२ वर आली, आणि सीएमआयई ही खाजगी संस्था त्याच सुमारास ७-८ टक्के सांगत होती. खोटं कोणीच बोलत नव्हतं, दोघांच्या व्याख्या वेगळ्या. पीएलएफएसमध्ये वडिलांच्या दुकानात पगाराशिवाय बसणारा मुलगासुद्धा काम करणाराच धरला जातो, आणि २०२२-२३ मध्ये काम करणाऱ्यांपैकी असे बिनपगारी घरचे मदतनीस १८.३ टक्के होते. शिवाय जो काम शोधत नाही आणि करायला तयारही नाही तो बेरोजगारांत येतच नाही. त्यामुळे एका संस्थेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी लावून "बघा वाढली" किंवा "बघा घटली" म्हणू नका, आणि नुसता बेरोजगारीचा दर न बघता किती जण पगारी नोकरीत आहेत तेही बघा, मला तरी तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

टक्के आणि पॉइंट यांची गल्लत पण फार होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून साडेसहा झाला, याला कोणी अडीच पॉइंट वाढला म्हणेल तर कोणी साडेबासष्ट टक्के वाढला म्हणेल, दोन्ही बरोबर, पण ऐकणाऱ्याला घाबरवायचं असेल तर दुसरंच वापरतात.

आणि सीरिज, म्हणजे आकडा मोजायची पद्धत, बदलली का ते बघा. २०१५ मध्ये जीडीपीचं बेस इयर, म्हणजे ज्या वर्षाचे भाव धरून मोजतात ते वर्ष, २००४-०५ वरून २०११-१२ झालं, नंतर २०१८ च्या शेवटी मागची वर्षं नव्या पद्धतीने काढली तेव्हा २०१०-११ ची वाढ १०.३ वरून ८.५ वर आली. जुन्या सीरिजचा एक आकडा आणि नव्याचा एक असं शेजारी ठेवून कुठलं सरकार भारी ते ठरवता येत नाही.

एकाच वर्षाचा आकडासुद्धा बदलतो बरं का. २०२३-२४ ची वाढ आधी ८.२ टक्के जाहीर झाली आणि पुढे सुधारून ९.२ झाली, आमच्या ग्रुपवर या दोन आकड्यांवरून दोन दिवस वाद चालला होता, तेव्हा फॉरवर्ड करायच्या आधी तो आकडा पहिल्या अंदाजाचा आहे की सुधारलेला ते बघा आणि त्याची तारीख सोबत लिहा.