कॅरोटिड डॉपलरमध्ये प्लाक बघताना या चुका टाळा

कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांची सोनोग्राफी करताना सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे प्रोब ठेवला की लगेच कलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारा डॉपलर) ऑन करायचा, रक्ताचा वेग मोजायचा आणि आकडा १२५ सेंमी प्रति सेकंदाच्या आत आला की नॉर्मल लिहून मोकळं व्हायचं. अहो, वेगावरून वाहिनी किती अरुंद झालीय एवढंच कळतं, प्लाक, म्हणजे भिंतीवर साचलेला थर, कसा आहे ते नाही कळत. बल्बमध्ये, म्हणजे वाहिनीला फाटे फुटतात तिथल्या फुगीर भागात, मुळातच जागा मोठी असते, तिथे चांगला जाड प्लाक असला तरी वेग वाढत नाही.

म्हणून आधी कलर बंदच ठेवा. कॉमन कॅरोटिड (मानेतली मुख्य वाहिनी) खालून धरायची आणि आडव्या सेक्शनमध्ये सावकाश वर बल्बपर्यंत, पुढे इंटर्नलमध्ये (मेंदूकडे जाणाऱ्या फाट्यात) जायचं, मगच उभा सेक्शन, कारण एकाच बाजूला चिकटलेला प्लाक नुसत्या उभ्या सेक्शनमध्ये सरळ निसटतो.

गेनकडे, म्हणजे चित्राचा उजळपणा ठरवणाऱ्या सेटिंगकडे, तर खरंच लक्ष द्या. चरबी किंवा रक्तस्राव असलेला मऊ प्लाक स्क्रीनवर जवळजवळ रक्तासारखाच काळा दिसतो, गेन कमी असला की तो गायब, आणि स्ट्रोकच्या दृष्टीने जास्त धोक्याचा तोच असतो! अशा वेळी कलर लावल्यावर रंग भिंतीपर्यंत पोचत नाही, मधे काळी पट्टी राहते, ती बघून शंका घ्यायची. पण कलर गेन वाढवून ठेवला असेल तर रंग भिंतीवर सांडतो आणि ती पट्टीही झाकली जाते.

प्लाकमध्ये कॅल्शियम असेल तर शॅडो (मागचं सगळं झाकणारी काळी सावली) येणारच, प्रोब मागच्या बाजूने लावून बघा, शॅडो संपल्यावर लगेच पुढचा वेग घ्या, तरी जमलं नाही तर तेवढा भाग दिसला नाही असं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा आणि सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) सुचवा. वाहिनी किती अरुंद झालीय त्याची टक्केवारी अंदाजाने टाकू नका.

डॉपलरचा अँगल (ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन) ६० अंश किंवा त्याच्या आत. ६० च्या जागी ६५ लागला तर वेग साधारण १८ टक्के जास्त दिसतो, ७० च्या जागी ७५ लागला तर ३२ टक्के, म्हणजे चूक तीच ५ अंशांची पण पेशंटची कॅटेगरीच बदलू शकते.

टक्केवारी व्यास मोजून काढली की क्षेत्रफळ, तेही लिहा, गोल अरुंद झालेल्या वाहिनीत व्यास ५० टक्के कमी म्हणजे क्षेत्रफळ ७५ टक्के कमी.

आणि फ्लो दिसत नाही म्हणून पूर्ण बंद असं घाईत लिहू नका. जवळजवळ बंद झालेल्या वाहिनीत वेग उलट खूप कमी होऊ शकतो, स्केल (किती वेगाचा प्रवाह दाखवायचा ते सेटिंग) वर ठेवलेला असेल तर तो बारीक फ्लो दिसतच नाही. स्केल खाली आणा, पॉवर डॉपलर (अगदी मंद प्रवाहही पकडणारा मोड) लावा, परत बघा, कारण पूर्ण बंद वाहिनीवर सहसा ऑपरेशन करत नाहीत आणि थोडी जरी उघडी असेल तर उपचाराचा विचार वेगळा होतो.