जिप्सीचं इंजिन बांधताना पैसा कुठे वाया जातो? या चुका टाळा

माझी जिप्सी किंग १९९८ सालची. कार्बोरेटरवालं जी१३बीए इंजिन, १२९८ सीसी. इंजिन बांधायला मिस्त्रींनी तोंडी अंदाज दिला होता ४५ हजारांचा आणि तीन आठवड्यांचा. प्रत्यक्षात १ लाख ९ हजार ५०० रुपये लागले आणि साडेचार महिने गाडी स्टँडवर उभी राहिली. यातले ३८ हजार ५०० रुपये मनाला सगळ्यात जास्त लागतात, कारण ते एकच काम दुसऱ्यांदा करण्यात गेले.

जिप्सीची विक्री थांबून बरीच वर्षं झाली, तरी ताडोबाच्या सफारीपासून सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यांपर्यंत या गाड्या अजून राबत आहेत. नवी मिळणार नाही म्हटल्यावर जुनंच इंजिन बांधायचं, हे ओघानं आलंच. जे बांधायला निघाले आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आकडे माझ्या बिलांचे आहेत, तुमच्या गावात कमी-जास्त होतील. चुका मात्र सगळीकडे याच होतात.

धूर दिसला की इंजिन उतरवायचं

निळा धूर म्हणजे इंजिन गेलं, असं आपण धरून चालतो. धूर कधी येतो हे आधी बघा. सकाळी पहिल्यांदा चालू करताना भपका येऊन थांबत असेल, किंवा घाट उतरताना पाय काढून परत ॲक्सिलरेटर दिल्यावर येत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्या. ते काम हेडपुरतं असतं, खालचं इंजिन उघडावं लागत नाही. चढाला लोडवर सतत धूर, ऑइल कॅप उघडली की फसफस आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल गायब, असं असेल तर रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) आणि बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक) यांचं काम.

खात्री करायची तर कॉम्प्रेशन गेज लावा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. या इंजिनाला चांगल्या स्थितीत चौदा किलोच्या आसपास दाब मिळतो. बाराच्या खाली गेला, किंवा सिलिंडरांमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक आला, तर काम आहे. माझे आकडे होते ११, ११.५, ८ आणि ११. मग तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. आठाचे साडेदहा झाले. ऑइल टाकल्यावर दाब वाढला तर गळती रिंगांतून, वाढला नाही तर व्हॉल्व्हमधून, आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर हेड गॅस्केट. अर्ध्या तासाचं काम आहे. ते न करता इंजिन उतरवणाऱ्या गॅरेजात गाडी देऊ नका.

मापाआधी पिस्टन घेणं

ही चूक मी अगदी उत्साहानं केली. ०.२५ ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापापेक्षा पाव मिमी मोठा, रिंग-पिस्टन सेट कुठेतरी शिल्लक असल्याचं कळलं, जुन्या गाडीचा माल परत मिळेल न मिळेल म्हणून लगेच पैसे पाठवले. सेट घेऊन कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवर गेलो. तिथल्या काकांनी बोअरमध्ये डायल गेज घातला, वर, मध्ये, खाली, आडवा आणि उभा असं सहा-सहा ठिकाणी मोजलं आणि म्हणाले, "तिसऱ्याला ओरखडा खोल हाय. पंचवीसमध्ये निघणार न्हाई, पन्नासच करावं लागंल. माप घ्यायच्या आधी पिस्टन कुणी आणायला सांगितला तुम्हांस्नी?"

कुणीच सांगितलं नव्हतं. तो सेट परत गेला नाही, आजही कपाटात आहे.

क्रम असा हवा: ब्लॉक उघडायचा, धुवायचा, मोजायचा, किती साइज लागेल ते ठरवायचं, त्या साइजचे पिस्टन आणायचे, आणि प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या त्याच्या मापानं बोअर करून घ्यायचा. एका सेटमधल्या चार पिस्टनांतही बारीक फरक असतो, आणि इथे पिस्टन व भिंत यांच्यात जागा ठेवायची असते फक्त ०.०२ ते ०.०४ मिमी. म्हणून लेथवाल्याच्या हातात आधी पिस्टन पडला पाहिजे, नुसतं 'पन्नास साइज करा' एवढं सांगून भागत नाही. रिंगांचंही तसंच. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा. ७४ मिमी बोअरला वरच्या रिंगेची फट पाव मिमीच्या आसपास हवी. फारच कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते.

याच ठिकाणी 'कस्टम' करण्याचा मोह होतो. मोठं बोअर करा, ताकद वाढेल, असं चारजण सांगतात. हिशोब करून बघा. मूळ बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी. बोअर अर्ध्या मिमीनं वाढवलं की १२९८ चे होतात साधारण १३१६ सीसी. अठरा सीसी! ते चालवताना जाणवतसुद्धा नाहीत. पण ०.५० ची साइज एकदा वापरली की त्या ब्लॉकचं शेवटचं बोअरिंग झालं. यापुढे स्लीव्ह (बोअरच्या आत नवी नळी) टाकायची किंवा दुसरा ब्लॉक शोधायचा. म्हणून ०.२५ मध्ये ओरखडा निघत असेल तर तिथेच थांबा. फ्लायव्हील हलकं करणं, चढा कॅम घालणं हेही मला सुचवलं गेलं. दगडातून पहिल्या गिअरमध्ये, जवळपास आयडलवर, गाडी रांगत न्यायची असते. हलक्या फ्लायव्हीलनं नेमकी तिथेच ती बंद पडते. वाळूत पळवायची गाडी वेगळी आणि आपल्या घाटातली वेगळी.

हेडचं फेसिंग 'थोडं जास्तच' मारणं

या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. एकदा गाडी तापली की ते वाकतं. सरळ पट्टी आणि फीलर घेऊन बघा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं, हवं. वाक जाईल एवढंच मारायचं. 'अर्धा मिमी उडवू, पिकअप वाढेल' याला होकार देऊ नका. एका सिलिंडरचा आकार ३२५ सीसी. कॉम्प्रेशन रेशो (आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) नऊ धरला तर वरची पोकळी सुमारे ४० सीसी. त्यातून दीड-दोन सीसी कमी झाले की रेशो साडेनऊच्या जवळ जातो. साध्या पेट्रोलवर, चढाला, उन्हाळ्यात गाडी ठोके देऊ लागते. त्याशिवाय हेड खाली आलं की कॅमशाफ्ट आणि क्रँक यांतलं अंतर कमी होतं आणि टायमिंग किंचित मागे सरकतं. मग महिनाभर कार्बोरेटर उघडत बसायचं आणि दोष कुठे आहे ते कळायचं नाही.

धुलाई

माझे ३८ हजार ५०० गेले ते इथे, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

बोअरिंग आणि होनिंग (बोअरची भिंत दगडानं बारीक घासणं) झालेला ब्लॉक दिसायला चकचकीत असतो. त्याच्या अंगाला होनिंगच्या दगडाची आणि लोखंडाची पूड चिकटलेली असते, ऑइलमध्ये कालवलेल्या पिठासारखी. डिझेलनं धुतलं की वरचं तेल निघतं आणि पूड भिंतीच्या बारीक रेघांमध्ये तशीच बसून राहते. आमच्या गॅरेजात ब्लॉक डिझेलनं धुतला, हवा मारली आणि इंजिन जोडायला घेतलं. दिवाळीला गाडी न्यायची म्हणून घाई मीच लावली होती. ऑइलच्या वाहिन्यांची टोकं बंद करणारे प्लग काढलेच नाहीत, त्यामुळे आतून ब्रश फिरला नाही. क्रँकची भोकंही नुसत्या हवेवर सोडली.

सहाशे किलोमीटर गाडी छान चालली. मग एका दुपारी, इंजिन चांगलं तापल्यावर, आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकला. दोन दिवसांनी खालून ठक-ठक सुरू झाली. खालचं ऑइलचं चेंबर उघडलं तर तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा वरचा थर खरवडून खालचं तांबं दिसत होतं, आणि त्यात रुतलेले बारीक काळे कण नखाला लागत होते. पहिल्या वेळी क्रँक नुसती पॉलिश करून भागलं होतं. आता ती ०.२५ नं ग्राइंड करावी लागली, त्या साइजची बेअरिंगं आणावी लागली. नवा ऑइल पंप, पुन्हा गॅस्केट सेट, पुन्हा ऑइल, पुन्हा मजुरी.

दुसऱ्या वेळी धुलाईला मी स्वतः बसलो. कपड्यांच्या साबणाची पावडर, कढत पाणी आणि नायलॉनचा ब्रश. प्रत्येक बोअर घासायचा, धुवायचा, लगेच पांढऱ्या सुती फडक्यानं पुसायचा. फडक्यावर राखाडी डाग आला की पुन्हा पहिल्यापासून. माझं फडकं सातव्या वेळी पांढरं राहिलं. ऑइलच्या वाहिन्यांचे ते प्लग काढून लांब ब्रश आरपार घातला, क्रँकच्या प्रत्येक भोकातून पिचकारीनं पाणी काढलं. वाळल्यावर लगेच सगळीकडे ऑइल फिरवलं, नाहीतर तासाभरात लोखंडावर गंज धरतो. या कामाला साबणाच्या पुड्याचा खर्च आणि एक पूर्ण दिवस लागतो. मिस्त्रींच्या दिवसभराच्या मजुरीत हे बसत नसेल तर वेगळे पैसे द्या, पण करून घ्या, आणि तिथे उभे राहा.

जोडणीतल्या बारीक गोष्टी

मेन बेअरिंगच्या कॅपवर आकडे आणि बाण असतात. बाण पुलीच्या दिशेला, आणि जिची जागा तिथेच ती कॅप. उलटसुलट झाली की क्रँक हातानं फिरवतानाच जड लागते. तिथेच थांबा, 'चालवल्यावर मोकळी होईल' हे खरं नाही. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. बेअरिंगची जागा मोजायला प्लास्टिगेज नावाची मेणासारखी बारीक काडी मिळते. ती दाबून किती पसरली ते पट्टीवर बघायचं, एवढंच. आणि खोक्यावरचं नाव बघून माल घेऊ नका. बेअरिंग आणि ऑइल फिल्टर यांत नकली माल भरपूर फिरतो. ओळखीच्या दुकानातून, बिल घेऊनच घ्या.

जुनं पाणी, जुना रेडिएटर

इंजिनावर एवढा खर्च केल्यावर रेडिएटरचे पैसे जड वाटतात. त्यामुळे गाळानं भरलेला जुना रेडिएटर, जुना वॉटर पंप आणि फुगलेले होज तसेच परत लागतात, आणि नवं घट्ट इंजिन पहिल्याच चढाला तापतं. इंजिन खाली आहे तोवर रेडिएटर साफ करून घ्या. पंप, होज, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट आणि क्रँकचे ऑइल सील यांचा खर्च पहिल्याच अंदाजात धरा. माझा अंदाज ४५ वरून ७१ हजारांवर गेला तो मुख्यतः यानेच. हा खर्च वाया गेला असं मात्र मी म्हणणार नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. 'आपल्या हवेत लागत नाही' म्हणतात. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरम व्हायला खूप वेळ घेतं, तोवर जादा पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुवून काढतं आणि नव्या रिंगा लवकर झिजतात. तो परत बसवा. आणि ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये नळाचं पाणी भरू नका, कूलंट भरा.

सोळा व्हॉल्व्हचं इंजिन टाकू का?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. नंतरच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) जिप्सीच्या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाला ८० बीएचपी मिळतात, कार्बोरेटरवाल्याला साधारण ६०. असं वापरलेलं इंजिन स्वस्तात मिळूनही जाईल. पण त्याच्यासोबत ईसीयू (इंजेक्शन सांभाळणारा छोटा संगणक), पूर्ण वायरिंग, टाकीतला जास्त दाबाचा पंप आणि परतीची पाइपलाइन हे सगळं लागतं, आणि एक सेन्सर कमी पडला की काम आठवडाभर अडतं. शिवाय इंजिन किंवा ब्लॉक बदलला की त्यावरचा नंबर आरसीशी जुळत नाही. आरटीओची परवानगी आधी घ्या, खरेदीची पावती जपून ठेवा. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं पासिंग करताना, विकताना आणि विम्याचा दावा करताना हा नंबर बघितला जातो.

पहिला तास आणि पहिले पाचशे किलोमीटर

इंजिन बांधलं की ते दिवसभर आयडलवर सोडायचं, ही पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. रिंगांना बोअरच्या भिंतीवर बसायला मागून दाब लागतो, आणि तो आयडलला मिळत नाही. भिंत गुळगुळीत होते, रिंगा बसत नाहीत, आणि नवं इंजिन ऑइल प्यायला लागतं.

आधी ऑइल पंपात ऑइल भरा. प्लग काढून, इग्निशन तोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं थांबत स्टार्टर मारा. मग इंजिन चालू करा, गळती बघा, पाणी बघा, टायमिंग लावा आणि गाडी रस्त्यावर काढा. मध्यम गती, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हलका दाब द्यायचा, पाय सोडायचा, पुन्हा द्यायचा. हायवेला एकाच वेगानं तासभर नको, आणि भरलेली गाडी घाटात तर नकोच. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, पाचशेनंतर पुन्हा. सुरुवातीला महागडं सिंथेटिक टाकायची गरज नाही.

काढलेला फिल्टर फेकू नका. पत्रा कापून आतला कागद उन्हात उलगडून बघा. पन्नास किलोमीटरच्या फिल्टरमध्ये थोडी राखाडी चमक असणं ठीक आहे. पाचशेच्या फिल्टरमध्ये तांबूस कण दिसले तर गाडी तिथेच थांबवा. पहिल्या वेळी मी तो कापून बघितला नव्हता. दुसऱ्या वेळी पाचशेचा कागद स्वच्छ निघाला, आणि दीड हजार किलोमीटरला गेज लावला तेव्हा चारही सिलिंडर साडेतेराच्या वर होते.