पायथनच्या डीबगरात 'सी' टाईप करताना जरा सांभाळून

काल अंधेरीच्या ऑफिसात रात्री नऊपर्यंत अडकलो होतो, लूपच्या 3871व्या फेरीत बिलाचा आकडा चुकत होता, पीडीबी (पायथनचा डीबगर, चुका शोधायला प्रोग्राम एकेक लाईन करून चालवणारं साधन) लावून एंटर दाबत दाबत शेवटी एकदाचा तिथे पोचलो आणि 'सी' नावाच्या व्हेरिएबलमध्ये काय आहे बघायला नुसतं सी टाईप केलं, झालं, प्रोग्राम फास्ट लोकलसारखा थेट सुटला!

कारण पीडीबीत सी म्हणजे कंटिन्यू, एन म्हणजे नेक्स्ट, क्यू म्हणजे क्विट. त्यामुळे एका अक्षराच्या व्हेरिएबलची व्हॅल्यू हवी असेल तर आधी पी आणि स्पेस टाका, नाहीतर सरळ उद्गारचिन्ह लावा, मग तो त्याला कमांड समजत नाही. (अशी नावं ठेवणारा मीच, बोलणार कोणाला.)

आणि एंटर बडवत बसू नका हो, ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा ती जागा) लावताना लाईन नंबरपुढे कॉमा देऊन अट लिहिता येते, फेरी 3871 झाली तरच थांब अशी.

अजून एक, कोडमध्येच ब्रेकपॉइंट फंक्शन लिहिलं असेल तर आधी डीबगर पुढच्या लाईनवर थांबायचा, पायथन 3.13 पासून त्याच लाईनवर थांबतो, अपडेट केल्यावर गडबडू नका.