गाडीची काच वर येत नसेल, तर आधी दाराला कान लावा

गेल्या जुलैमध्ये आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. आंबा घाटात भाजलेली कणसे घेण्यासाठी आईने तिच्या बाजूची काच खाली केली, आणि ती पुन्हा वर आलीच नाही. स्विच कितीही दाबला तरी दारातून कसलाही आवाज येत नव्हता. घाट उतरून साखरप्याला पोहोचेपर्यंत आईने गाडीच्या आत छत्री उघडून धरली होती, तरीही तिचा डावा खांदा आणि मांडीवरची पिशवी चिंब भिजली. पुढे एका गॅरेजमध्ये ‘मोटर गेली’ असे सांगून नवी मोटर बसवण्यात आली. दोन आठवड्यांनी काच पुन्हा तशीच थांबली आणि तेव्हा कुठे खरे कारण सापडले. दाराच्या बिजागरीजवळ, वायरिंगवरच्या रबरी नळीच्या आत, एक वायर तुटलेली होती. मोटर पहिल्यापासून धडधाकट होती.

पॉवर विंडो बंद पडली की दोष मोटरलाच देण्याची पद्धत पडली आहे. प्रत्यक्षात स्विचपासून काचेपर्यंत बिघडण्यासारख्या अनेक जागा आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच जागा दाराचे आतले पॅड, म्हणजे आतल्या बाजूचे आवरण, न उघडता तपासता येतात.

काच हलते कशी, हे आधी समजून घ्यावे. दाराच्या आत एक लहान १२ व्होल्टची मोटर असते आणि तिला दोन वायरी जोडलेल्या असतात. स्विच एका बाजूला दाबला की विजेचा प्रवाह एका दिशेने जातो आणि काच खाली येते; दुसऱ्या बाजूला दाबला की प्रवाहाची दिशा उलटते आणि काच वर जाते. मोटरचे फिरणे काचेपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेला रेग्युलेटर म्हणतात. काही गाड्यांत तो कात्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या पट्ट्यांचा असतो, तर आजच्या बहुतेक गाड्यांत पोलादी केबल आणि प्लॅस्टिकच्या पुलींचा. काच दोन्ही कडांना रबराच्या खाचेतून सरकते. या रबराला गॅरेजमध्ये सरसकट बीडिंग म्हणतात.

काच थांबली की सर्वप्रथम चालकाच्या दारावरचे विंडो लॉकचे बटण पाहावे. मुलांनी मागच्या काचांशी खेळू नये म्हणून ते दिलेले असते आणि हात लागून नकळत दाबले जाते. हे वाचून कोणी लाजू नये, कारण फक्त या बटणामुळे गाडी गॅरेजमध्ये नेणारे लोक खरोखरच असतात. त्यानंतर इंजिन सुरू करून पुन्हा प्रयत्न करावा. इंजिन बंद असताना बॅटरीचा दाब साधारण साडेबारा व्होल्ट असतो, तर इंजिन चालू असताना तो १४ व्होल्टच्या आसपास जातो आणि थकलेल्या मोटरला तेवढा जोरही कधी कधी पुरतो. मुलांनी काच सलग वीस-पंचवीस वेळा वरखाली केली असेल, तर मोटर तापून स्वतःच काही काळ बंद झालेली असू शकते, कारण अनेक मोटरींत अतितापापासून बचाव करणारी योजना असते. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटे थांबून पाहावे.

एवढ्याने भागले नाही, तर रेडिओ आणि पंखा बंद करावा, शक्य असल्यास इंजिनही बंद करून फक्त चावी फिरवलेली ठेवावी, आणि स्विच दाबताना दाराला कान लावावा. पुढचा सगळा शोध या आवाजावरून ठरतो.

मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, किंवा कडकड असा दात घासल्यासारखा आवाज येतो, तेव्हा वीज मोटरपर्यंत पोहोचते आहे आणि दोष रेग्युलेटरमध्ये आहे असे समजावे. केबल तुटलेली असते किंवा काच धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा तुकडा मोडलेला असतो. याची खातरजमा करण्याचा एक सोपा उपाय आहे. काच दोन्ही तळव्यांमध्ये आतून-बाहेरून घट्ट धरून हळूच वर ओढावी. मोटरमधील गिअरची रचना अशी असते की यंत्रणा शाबूत असेल तर काच हाताने सहसा सरकत नाही. ती सहज वर आली आणि सोडताच खाली घसरली, तर मधला दुवा नक्की तुटलेला आहे आणि मोटर कदाचित पूर्णपणे चांगली आहे.

काच हलते पण कण्हत, कूर्मगतीने हलते, किंवा अर्ध्यावर जाऊन आपोआप परत खाली येते, तेव्हा बहुतेक वेळा बीडिंग कोरडे आणि धुळीने भरलेले असते. उन्हाळ्यात रस्त्याची बारीक माती त्या खाचेत बसते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. काच खाली करून, ओल्या फडक्याची घडी एखाद्या बोथट चपट्या काठीवर गुंडाळून खाच वरपासून खालपर्यंत पुसावी, वाळू द्यावी आणि मग सिलिकॉन स्प्रे मारावा. तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. त्याने रबर फुगते, शिवाय धूळ आणखी चिकटते. मात्र काच मुळातच जेमतेम हलत असेल, तर ती खाली करण्याचे धाडस न करता उघड्या दिसणाऱ्या भागातच स्प्रे मारावा.

तिसरी शक्यता म्हणजे संपूर्ण शांतता, आणि सर्वांत जास्त चुकीचे निदान इथेच होते. चारही काचा एकाच वेळी बंद पडल्या असतील, तर फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा चालकाजवळचा मुख्य स्विच यांपैकी काहीतरी गेले आहे. एकच काच बंद असेल, तर ती तिच्या स्वतःच्या दारावरच्या स्विचने आणि चालकाच्या स्विचने, अशी दोन्हीकडून चालवून पाहावी. एकाने चालते आणि दुसऱ्याने नाही, असे झाले तर न चालणारा स्विच किंवा त्याची वायर दोषी आहे. मोटरकडे पाहण्याचीही गरज नाही. चालकाच्या स्विचमध्ये पावसाचे पाणी किंवा सांडलेला चहा गेलेला असणे हे नेहमीचेच. तो स्विच काढून इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतला की अनेकदा पूर्ववत चालतो.

फ्यूजची पेटी बहुधा डॅशबोर्डच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ असते, आणि कोणता फ्यूज कशाचा याचा तक्ता झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. काचांसाठी साधारणपणे २० ते ३० अँपिअरचा फ्यूज असतो. २० चा पिवळा, २५ चा पांढरा किंवा पारदर्शक, ३० चा हिरवा. आतली धातूची पट्टी तुटलेली दिसली, तर तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवावा. तो लगेच पुन्हा उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि ते शोधल्याशिवाय तिसरा फ्यूज लावू नये. मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावून काम भागवणे म्हणजे वायरिंग जाळण्याची तयारी करणे होय. हे मी शक्य तितक्या कळकळीने सांगतो.

फ्यूज चांगला असेल, तर दिवसा उजेडीही गाडीच्या आतला दिवा लावून स्विच दाबावा. दिवा किंचित मंद झाला, तर प्रवाह मोटरपर्यंत जातो आहे पण ती अडकली आहे. अशा वेळी एकाने स्विच दाबून धरावा आणि दुसऱ्याने दाराच्या आतल्या पॅडवर, मोटरच्या अंदाजाने, मुठीने हलके ठोके द्यावेत. अडकलेली मोटर त्या धक्क्याने कधी कधी सुटते आणि काच वर येते. ती वर आली की तशीच ठेवावी. मोटर आता बदलावीच लागेल.

दिवा जराही मंद झाला नाही, तर प्रवाह बहुधा वाटेतच तुटला आहे. स्विच वरच्या दिशेने दाबून धरलेला असतानाच दार अगदी सावकाश उघडावे आणि मिटावे. एखाद्या ठराविक कोनात काच दचकल्यासारखी हलली, तर दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटली आहे असे समजावे. हजारो वेळा दार उघडमीट झाल्याने आतले तांबे तुटते आणि वरचे प्लॅस्टिकचे आवरण मात्र शाबूत दिसते. आमच्या गाडीत ती वायर दोन बोटांनी ओढल्यावर आवरण रबरासारखे ताणले गेले, तेव्हाच आत काही उरलेले नाही हे कळले. अशी वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नये. थोडी जादा लांबी देऊन नवा तुकडा सोल्डर करावा आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी.

दुरुस्ती होईपर्यंत पावसापासून बचाव करायचा असेल, तर काच हाताने किंवा स्विचने जितकी वर येईल तितकी आणून, कोरडी पुसून, रुंद चिकटपट्टीच्या तीन-चार पट्ट्या आतल्या बाजूने दाराच्या चौकटीवरून बाहेरच्या काचेवर उलटवून लावाव्यात. पुढच्या दाराच्या उघड्या जागी प्लॅस्टिक लावून गाडी चालवू नये, कारण त्यामुळे बाजूचा आरसा दिसत नाही.

दाराचे पॅड स्वतः उघडायचे असेल, तर आधी काच पट्टीने बांधून घ्यावी आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. स्क्रू बहुधा हँडलच्या मागे आणि हात टेकायच्या जागेखाली लहान झाकणांआड लपलेले असतात. बाकीचे पॅड प्लॅस्टिकच्या क्लिपांवर असते आणि त्यांतील दोन-तीन मोडतातच, म्हणून काही क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात. आतल्या पत्र्याच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात. जाड हातमोजे घालावेत. कात्रीसारख्या रेग्युलेटरची मोटर मात्र घरी सोडवू नये, कारण त्यातील ताणलेली स्प्रिंग अचानक सुटून हाताला गंभीर इजा करू शकते. दारात एअरबॅगचे सेन्सर असलेल्या गाडीचे कामही जाणकारावरच सोपवावे.

पॅडच्या मागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद असतो. तो फाडू नये आणि परत बसवताना काठ नीट दाबून चिकटवावेत. दारात शिरलेले पावसाचे पाणी तळाच्या छिद्रांतून बाहेर जावे आणि गाडीत येऊ नये, यासाठी तो आहे. काचेचे काम झाल्यानंतर पायाखालचे मॅट ओले होऊ लागले, तर हा कागद किंवा ती बुजलेली छिद्रे पाहावीत. पॅड लावण्यापूर्वीच स्विच आणि बॅटरी जोडून काच दोन-तीन वेळा पूर्ण वरखाली करून घ्यावी.

बॅटरी सोडवली असल्यास एका स्पर्शात वर जाणारी काच आता अडखळत जाऊ शकते. तो बिघाड नव्हे. तिला आपले टोक पुन्हा शिकवावे लागते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच वर धरून ठेवला की काम होते. नेमकी पद्धत पुस्तिकेत पाहावी.

काम गॅरेजलाच द्यायचे असेल, तर तिथे ‘काच चालत नाही’ एवढेच सांगू नये. आवाज येतो की नाही, दिवा मंद होतो की नाही, दोन्ही स्विचनी काय होते आणि दार हलवल्यावर काय होते, हे सांगावे. मोटर बदलावी लागेल असे उत्तर आले, तर जुनी मोटर काढण्यापूर्वी बॅटरीवरून थेट दोन वायरी देऊन ती फिरते का, हे आपल्यासमोर दाखवायला सांगावे. पॅड उघडलेले असताना त्याला फार वेळ लागत नाही.