मास स्पेकमध्ये करिअर करायचंय? मग या चुका टाळा

नवी मुंबईच्या रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा या पट्ट्यात अ‍ॅनालिटिकल केमिस्टला काम मिळतं. एलसी-एमएससमोर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरसमोर (मास स्पेक), बसायला मात्र मोजक्यांनाच मिळतं. मुलाखती घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मशिनचं मॉडेल पोरांना तोंडपाठ असतं, पण समोरचा आयन (विद्युतभार असलेला रेणू) आला कुठून असं विचारलं की गाडी अडते. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

रिझ्युमेतली फुगवलेली ओळ

‘एलसी-एमएस/एमएसचा प्रत्यक्ष अनुभव’ असं लिहायचं, आणि अनुभव म्हणजे वर्कशॉपमध्ये लांबून पाहिलेला डेमो! समोरचा पहिलाच प्रश्न टाकतो: मोबाइल फेजमध्ये (नमुना वाहून नेणाऱ्या द्रावणात) फॉस्फेट बफर का नाही चालत? एचपीएलसीवर, म्हणजे मास स्पेक न जोडलेल्या मशिनवर, यूव्ही डिटेक्टरसोबत तो सर्रास चालतो, म्हणून इथेच विकेट पडते. फॉस्फेट उडून जात नाही, सोर्समध्ये (आयन बनतात त्या भागात) मीठ साचतं आणि सिग्नल घसरत जातो. त्यामुळे अमोनियम फॉर्मेट, अमोनियम अ‍ॅसिटेट किंवा ०.१ टक्का फॉर्मिक अ‍ॅसिड वापरतात. टीएफए या आम्लाने पीक (आलेखातलं शिखर) देखणा येतो, पण इलेक्ट्रोस्प्रेत, म्हणजे द्रावणाच्या भारित फवाऱ्यातून आयन बनवताना, तेच आम्ल आयनांचा सिग्नल दाबून टाकतं.

नुसतं एचपीएलसी केलं असेल तर तसंच लिहा. आम्हाला ते चालतं.

पीक दिसला की विश्वास ठेवणं

२०१८ मध्ये व्हॅल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए ही नायट्रोसामाइन गटातली घातक अशुद्धी सापडली आणि औषध कंपन्यांच्या लॅबमध्ये नायट्रोसामाइनच्या चाचण्यांची रांग लागली. पुढे मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची पाळी आली. एका खासगी लॅबचे आकडे अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएच्या आकड्यांपेक्षा जास्त येत होते. एफडीएच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये कारण दाखवलं: डीएमएफ नावाचं साधं सॉल्व्हंट.

आता आकडे नीट बघा. प्रोटॉन घेतलेल्या एनडीएमएचं वस्तुमान ७५.०५५३. डीएमएफचं ७४.०६००, म्हणजे वरवर पाहता दोघांचा काही संबंध नाही. पण डीएमएफच्या ज्या थोड्या रेणूंत नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड आयसोटोप) असतो, ते ७५.०५७१ वर येतात. फरक ०.००१८ चा, म्हणजे साधारण २४ पीपीएम (दहा लाखांत २४). डीएमएफ भरपूर आणि एनडीएमए अगदी लेशमात्र असेल, तर हा किरकोळ आयसोटोपही एनडीएमए म्हणून मोजला जातो. सॉफ्टवेअरमध्ये वस्तुमानाची खिडकी सैल ठेवली, कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीत) दोघं वेगळे केले नाहीत, की आकडा फुगलाच. म्हणून पद्धत बसवताना डीएमएफचं वेगळं इंजेक्शन देऊन तो कुठे उतरतो ते पाहून ठेवा.

रोजच्या कामातले भामटे याहून साधे असतात. प्रोटॉन घेतलेल्या रेणूच्या पीकपासून २२ वर दुसरा पीक दिसला तर बहुधा सोडियम चिकटलंय. ४४-४४ च्या अंतराने शिडी दिसली तर पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल), आणि मग बाटल्या डिटर्जंटने कोण धुतंय ते आधी शोधा. १४९ आणि ३९१ दिसले तर प्लॅस्टिकमधलं थॅलेट. जीसी-एमएसवर (नमुना वायुरूपात वेगळा करणाऱ्या मास स्पेकवर) २८ आणि ३२ चढलेले असतील तर कुठेतरी हवा शिरतेय. २०७ आणि २८१ दिसले तर कॉलम किंवा सेप्टम (इंजेक्शनच्या तोंडावरचं रबरी बूच) झिजतोय. आमच्याकडे नवीन आलेला अ‍ॅनॅलिस्ट मात्र सरळ सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावतो. आधी ब्लँकचा (नमुना नसलेला) रन मारा, बाबांनो. नव्वद टक्के जुळणी दाखवणाऱ्या लायब्ररीच्या (सॉफ्टवेअरमधल्या स्पेक्ट्रमच्या संग्रहाच्या) नावावरही भुलू नका, आयसोमर, म्हणजे सूत्र तेच पण रचना वेगळी असलेले रेणू, तिला ओळखता येत नाहीत. क्लोरिन असेल तर दोनच्या अंतरावरची ३:१ उंचीच्या पीकची जोडी आधी डोळ्याने दिसली पाहिजे.

पंपाकडे पाठ फिरवणं

मशिनमधली हवा ओढणाऱ्या रफ पंपाचं तेल काळं पडलंय का, पातळी किती आहे, हे बघणं ‘आपलं काम नाही’ असं समजू नका. पुढे मशिन बनवणाऱ्या कंपन्यांत अ‍ॅप्लिकेशनची नोकरी हवी असेल, तर हीच माहिती उपयोगी पडते.

पास होईपर्यंत इंजेक्शन मारणं

निकाल आवडला नाही म्हणून ‘ट्रायल’ या नावाखाली पुन्हा रन मारायचा आणि पहिली फाइल बाजूला सारायची, हे करूच नका. ऑडिट ट्रेलमध्ये (सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत) वेळेसकट सगळं राहतं. इंटिग्रेशन (पीकच्या क्षेत्रफळाचं मोजमाप) हाताने बदललं तर कारण लिहा. बाकीच्या चुका माफ होतात, ही सहसा होत नाही.

संशोधन आपोआप होईल असं समजणं

क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) चार वर्षं ठरलेलीच पद्धत चालवली तर हातात वेग येतो, पण प्रश्न मांडता येत नाही. संशोधनच करायचं असेल तर नेट-जेआरएफ या संशोधन फेलोशिपच्या परीक्षेची तयारी लवकर सुरू करा. फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. पीएचडीसाठी गाव सोडायची गरज नाही: खाडीपलीकडे ट्रॉम्बेला बीएआरसी, खारघरला कर्करोग संशोधनासाठी अ‍ॅक्ट्रेक, पवईला आयआयटी. अर्ज करण्याआधी त्या गाइडचे अलीकडचे पेपर वाचा आणि मास स्पेक त्यांच्याच लॅबमध्ये आहे की नमुने बाहेर पाठवतात ते विचारा. बाहेर पाठवत असतील तर डिग्री मिळेल, हात बसणार नाही.

नोकरीची ऑफर आली तरी पगाराबरोबर हे विचारा: मशिन किती, त्यावर माणसं किती, आणि नव्या माणसाला सोर्स उघडून साफ करायला कधी देतात?