फुलांचा रविवार: वेल्श चॅपेलमधल्या दिवंगतांची आठवण कशी करावी

ईस्टरच्या आधीच्या रविवारी दक्षिण वेल्समधले लोक आपापल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करून त्यांवर फुलं ठेवतात. या दिवसाला तिथे ‘सील अ ब्लोदाय’ म्हणतात, म्हणजे फुलांचा रविवार. ग्लॅमॉर्गन आणि कार्मार्थनशायरच्या पट्ट्यात ही चाल एकोणिसाव्या शतकात फार जोरात होती. त्या दिवसासाठी गवत काढायचं, कडेच्या दगडांना चुना लावायचा, मुलांना नवे कपडे घालून घेऊन जायचं. आता चॅपेलं, म्हणजे अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती पंथांची प्रार्थनाघरं, भराभर बंद पडताहेत, जुन्या नोंदवह्या कुणाच्या तरी माळ्यावर पडून आहेत आणि नावं माहीत असलेली पिढी नव्वदीच्या घरात आली आहे.

वेल्समध्ये स्थायिक झालेली, तिथल्या गायनमंडळात गाणारी किंवा वेल्श घरात सून-जावई म्हणून गेलेली मराठी मंडळी अशा कार्यक्रमात ओढली जातातच, कारण यादी करायला बसणारं माणूस प्रत्येक मंडळाला हवं असतं. तुमच्यावर ते काम आलं असेल, तर ते असं करा.

पायरी १: दिवस ठरवा

फुलांचा रविवार सगळ्यात सोयीचा. त्या सुमाराला डॅफोडिल्स भरपूर असतात आणि सकाळी प्रार्थनेला लोक येणारच असतात. पण जागेप्रमाणे दुसरा दिवसही चालतो. सेंघेनिध या खाणगावात १४ ऑक्टोबर पाळतात. १९१३ साली त्या दिवशी खाणीत झालेल्या स्फोटात ४३९ कामगार आणि त्यांना वाचवायला उतरलेला एक जण गेला. बरोबर शंभर वर्षांनी तिथेच वेल्समधल्या खाणकामगारांचं राष्ट्रीय स्मारक उभं राहिलं. अर्जेंटिनातल्या पातागोनियात २८ जुलै हा दिवस. ‘मिमोसा’ जहाज दीडशेच्या वर वेल्श माणसं घेऊन १८६५ च्या मे महिन्यात लिव्हरपूलहून निघालं आणि २८ जुलैला आज जिथे प्वेर्तो माद्रिन आहे तिथे लागलं. आणि भारतात, मेघालयात, २२ जून. १८४१ साली याच तारखेला वेल्श मिशनरी थॉमस जोन्स सोहरा म्हणजे चेरापुंजीला पोचले. खासी भाषा लिहायला त्यांनी जी लिपी वापरली, तीच आजही चालते.

मंडळाची वार्षिक सभा आणि स्मरण एकाच दिवशी ठेवू नका. हिशेबाची चर्चा लांबते आणि नावं शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जातात.

पायरी २: जागा कुणाची ते विचारा

दफनभूमी चॅपेलची, जुन्या चर्चची की नगरपालिकेची, यावर परवानगी कुणाची घ्यायची ते ठरतं. चॅपेलची इमारत विकली गेली असेल तर दफनभूमीत जायचा हक्क राखलेला आहे का, ते विक्रीच्या कागदांत बघावं लागतं. इमारतीचं घर झालं असेल, तर नव्या मालकाला आधी भेटून या. अंगणात वीस माणसं गाणी म्हणत उभी दिसली की कुणीही दचकेल. कलंडलेल्या कबरीच्या दगडाला हात लावू नका. तो अंगावर येऊ शकतो. व्यवस्थापकांना कळवा आणि पुढे जा.

पायरी ३: यादी करा, पण नुसत्या नावांची नको

सगळं काम या पायरीवर उभं आहे, म्हणून इथे वेळ घाला.

वेल्समध्ये आडनावं मोजकी. जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स, थॉमस एवढ्यांत अर्धं गाव संपतं. एका चॅपेलच्या वहीत तीन जॉन जोन्स सहज सापडतात. आपल्याकडे एखाद्या गावात संभाजी पाटील पाच असले की कुणी मळ्यातला, कुणी वेशीवरचा, कुणी सोसायटीवाला होतो. अगदी तसंच तिथे चालतं. शेताचं नाव, घराचं नाव, धंदा किंवा कवी म्हणून घेतलेलं नाव, यांनीच माणूस ओळखला जातो. यादीत फक्त ‘जॉन जोन्स, १९६१’ लिहिलंत तर तो कुणाच्याच डोळ्यांपुढे उभा राहणार नाही.

हेध विन या कवीचं बघा. दप्तरातलं नाव एलिस हम्फ्री इव्हान्स, राहणार ‘अर अस्गुर्न’ नावाचं शेतघर, गाव ट्राउस्व्हनिध. ३१ जुलै १९१७ रोजी तो बेल्जियममधल्या लढाईत पडला. सप्टेंबरात बर्कनहेडच्या राष्ट्रीय आइस्टेधव्हॉडमध्ये, म्हणजे वेल्श काव्य-संगीत संमेलनात, मानाच्या खुर्चीसाठी त्याच्या कवितेचं टोपणनाव पुकारलं गेलं आणि कुणीच उभं राहिलं नाही. खुर्चीवर काळं कापड घातलं गेलं. युद्धानंतर लोकांनी मागणी लावून धरली, तेव्हा लष्करी दफनभूमीतल्या त्याच्या दगडावर ‘महाकवी हेध विन’ अशा अर्थाचे वेल्श शब्द कोरले गेले. दप्तरी नावावर गाव समाधानी नव्हतं.

म्हणून तक्त्यात सहा रकाने ठेवा: दप्तरी नाव, लोक हाक मारत ते नाव, घर किंवा शेत, चॅपेल, काम, आणि मंडळात तो माणूस काय करायचा. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. रविवारच्या शाळेत शिकवणारी, ऑर्गन वाजवणारा, तीस वर्षं चहाच्या किटल्या सांभाळणारी बाई, हे सगळं तिथेच येतं. ‘समाजासाठी झटले’ असं लिहायचा मोह झाला तर पेन खाली ठेवा आणि त्यांच्या शेजाऱ्याला फोन करा.

माहिती कुठे मिळते? चॅपेलच्या छापील वार्षिक अहवालात वर्गणीदारांची नावं असतात, बहुधा घराच्या नावासकट. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची आहे. अ‍ॅबेरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सने १९१९ पर्यंतची वेल्समधली जुनी वर्तमानपत्रं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवली आहेत; मृत्युलेख शोधायला ती खाण आहे. त्यानंतरच्या काळासाठी ‘पापुर ब्रो’ बघा. ही गावागावांची छोटी वेल्श पत्रं १९७० च्या दशकात सुरू झाली, आणि लग्न, मृत्यू, परीक्षेतलं यश यांखेरीज त्यांत फारसं काही नसतं. आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

हयात नातेवाइकांना विचारल्याशिवाय मृत्यूचं कारण लिहू नका. जुन्या खाणगावांत फुप्फुसाच्या आजाराच्या भरपाईवरून घराघरांत दुखणी आहेत.

पायरी ४: दगड वाचा

वेल्समध्ये कबरीचा दगड पुष्कळदा स्लेटचा असतो, पाटीचाच दगड. त्यावरचं कोरीव काम दोनशे वर्षंही स्पष्ट राहतं, पण पाणी शिरलं की पापुद्रे सुटतात. साफ करताना साधं पाणी, मऊ ब्रश आणि फटींसाठी लाकडी काडी एवढंच घ्या. तारेचा ब्रश, ब्लीच, प्रेशरचं यंत्र यांचं नाव काढू नका. दगडफूल चिकटलेलं असेल तर राहू द्या. खरवडलं की अक्षरही सोबत येतं. अक्षरं दिसत नसली तर त्यांवर पीठ-खडू न फासता संध्याकाळच्या तिरप्या उन्हात या, किंवा बाजूने बॅटरी धरा. सपाट वाटणाऱ्या दगडावर तारीख उमटते.

मजकूर ठरावीक असतो. ‘एर कोव्ह आम’ म्हणजे ‘च्या स्मरणार्थ’. ‘हेव्हिद’ दिसलं की त्याच कबरीत आणखी कुणी आहे. ‘प्रिओद’ म्हणजे पती किंवा पत्नी. ‘बी व्हारू’ म्हणजे वारला किंवा वारली, आणि ‘म्लुईध ओएद’च्या आधीचा आकडा म्हणजे वय. महिन्यांत घोटाळा होतो: मेहेव्हिन जून, गोर्फेनाव्ह जुलै, मेदी सप्टेंबर, हद्रेव्ह ऑक्टोबर. हे एका कागदावर लिहून खिशात ठेवा. जुन्या दगडांवर बायकोचं आडनाव नवऱ्यापेक्षा वेगळं दिसलं तर चूक समजून ‘दुरुस्त’ करू नका. ग्रामीण वेल्समध्ये बायका माहेरचं नाव पुष्कळ काळ चालवत.

तळाशी चार ओळींची कविता असेल तर ती ‘एंग्लिन’. दहा, सहा, सात, सात अशा तीस अक्षरांत, यमक-अनुप्रासाच्या फार कडक नियमांत बांधलेली. अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. एक चुकलं तरी बांधणी मोडते आणि जाणकार म्हातारे ते लगेच पकडतात.

पायरी ५: नावं उच्चारायची तालीम करा

देवनागरी वाचणाऱ्याला वेल्श उच्चार इंग्रजांपेक्षा सोपे जातात, असं माझं मत आहे. जसं लिहिलं तसं वाचायचं, आणि जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर. एक एफ म्हणजे ‘व्ह’, दोन एफ म्हणजे ‘फ’. डब्ल्यू बहुतेक वेळा ‘उ’ किंवा ‘ऊ’. जोड डी म्हणजे इंग्रजी ‘दिस’मधला पहिला आवाज, देवनागरीत नेमका नाही, ‘ध’ लिहून भागवतात. सीएच घशातून, उर्दूतल्या ‘ख़’सारखा. खरी परीक्षा जोड एलची. जीभ ‘ल’ म्हणायच्या जागी टाळूला लावून ठेवा आणि आवाज न काढता दोन्ही कडांनी हवा सोडा. पहिले काही दिवस थुंकी उडेल. नातेवाइकांसमोर उडण्यापेक्षा घरी उडालेली बरी.

पायरी ६: कार्यक्रम बांधा

पाऊण तास पुरे. आधी एक स्तोत्र, मग छोटी प्रार्थना, मग नावं, मग पुन्हा स्तोत्र आणि फुलं. भाषणं शक्यतो नकोत. अध्यक्षांना बोलायचंच असेल तर चहाच्या वेळी बोलू द्या.

नावं आडनावाच्या क्रमाने लावू नका, सलग दोन पानं जोन्सच येतील. रस्त्याच्या किंवा खोऱ्याच्या क्रमाने लावा: वरच्या शेतापासून खाली पुलापर्यंत. ऐकणारा मनातल्या मनात त्या वाटेने चालत येतो, आणि राहून गेलेलं घर कुणाला तरी लगेच आठवतं. त्यासाठी वाचणाऱ्याच्या शेजारी पेन घेतलेला माणूस बसवा. प्रत्येक नावाला घर आणि एक काम एवढंच जोडा. उदाहरणार्थ पातागोनियातल्या लुईस जोन्स यांच्याबद्दल एवढं पुरतं: ‘लुईस जोन्स, कायर्नारव्हॉनचे, पेशाने मुद्रक, त्रेलेउ गाव त्यांच्या नावाचं, मोरिया चॅपेलच्या आवारात दफन.’ लहान मुलं आणि अर्भकं यांची नावं वगळू नका. जुन्या खाणगावांत ती फार असतात आणि बहुतेक ‘हेव्हिद’ नंतर येतात.

गाणं चार आवाजांत होतं, आणि तिथे ते कुणी वेगळं शिकवत नाही. चॅपेलमध्ये वाढलेली माणसं आपापला आवाज धरतात. जुनी स्तोत्रपुस्तकं टॉनिक सोल्फामध्ये छापलेली असतात, सुरांची आद्याक्षरं आडव्या ओळीत. त्यातला ‘डो’ आपल्या ‘सा’सारखा कुठल्याही पट्टीत धरता येतो, त्यामुळे पेटीवर सरगम शिकलेल्याला ही लिपी लवकर उमगते. अंत्यविधीला ‘क्रिग-अ-बार’ या चालीवरचं स्तोत्र ठरलेलं. शेवटचं कडवं लोक पुन्हा उचलतात, तेव्हा वादकाला आधीच सांगून ठेवा. गाणारी माणसं कमी असतील तर शेजारच्या गावचं पुरुष गायनमंडळ बोलवा, पण त्यांना लोकांमध्ये मिसळून बसवा. समोर ओळीत उभं केलं की बाकीचे गप्प बसतात आणि मैफल होऊन जाते.

फुलं सुटी आणा. प्लास्टिकचा कागद आणि काचेची बरणी दोन्ही टाळा. गवत कापणाऱ्याच्या यंत्राखाली काच येते.

पायरी ७: चहा

हा भाग ऐच्छिक नाही. ‘बारा ब्रीथ’ हा मनुका-बेदाण्यांचा गोड पाव हवाच. मनुका-बेदाणे रात्रभर साखर घातलेल्या कोऱ्या चहात भिजवायचे, सकाळी अंडं आणि सेल्फ-रेझिंग मैदा मिसळून भाजायचं, काप करून लोणी लावायचं. तव्यावर भाजलेले छोटे वेल्श केकही करतात. पातागोनियात त्याऐवजी ‘तोर्ता नेग्रा’ हा काळा केक असतो. टेबलावर जुने फोटो मांडा, प्रत्येकाखाली कोरा कागद आणि पेन्सिल. कप हातात आला की माणसं ‘ही माझी मावशी, मागे उभा आहे तो खोटं बोलतो’ असं सांगायला लागतात. तेही लिहून घ्या. खरंखोटं नंतर ताडता येतं.

पायरी ८: कागद जिथे राहील तिथे ठेवा

सुधारलेली यादी आठवड्याभरात टाइप करा. एक प्रत जिल्ह्याच्या अभिलेखागारात द्या, एक चॅपेल किंवा मंडळाकडे, आणि दगडांचे फोटो ‘पीपल्स कलेक्शन वेल्स’ या संकेतस्थळावर चढवता येतात. फोटोच्या फाइलला आकडा न देता नाव, घर आणि वर्ष द्या. ज्या घरांची माहिती अर्धवट राहिली त्यांची वेगळी पानभर यादी करून ती सगळ्यात म्हाताऱ्या सभासदाकडे पोस्टाने पाठवा, सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट घालून. ईमेलला उत्तर येत नाही, पाकिटाला येतं.